पस्तीस मिनिटांपुरतं पक्कं इंग्रजी

जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आज पंचेचाळिशी-पन्नाशीला आलेल्या शिक्षकाने स्वतः एबीसीडी गिरवली ती पाचवीत. राज्याने जून २००० पासून इंग्रजी पहिलीत आणलं आणि ते शिकवायचं काम याच पिढीच्या वाट्याला आलं. मराठी माध्यमातून शिकलेला, मराठीतून डी.एड. झालेला, घरी खान्देशातली अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणारा शिक्षक एका जूनमध्ये परकी भाषा शिकवायला उभा राहिला. त्यानंतर प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. ‘डाएट’ची म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची झाली, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातली झाली, पुढे २०१६ मध्ये ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य शासन यांचा ‘तेजस’ प्रकल्प आला. तरी पुष्कळ वर्गांत इंग्रजीची तासिका म्हणजे एक ओळ इंग्रजी, लगेच तिचं मराठी, मग फळ्यावरचे शब्दार्थ, एवढंच असतं.

यात शिक्षकाच्या कष्टाची उणीव नाही. प्रशिक्षणात दोन निराळ्या गोष्टींची खिचडी होते, तिथे घोटाळा आहे. शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी ही एक गोष्ट आणि लहान मुलाला परकी भाषा कशी शिकवायची ही दुसरी. ‘आधी शिक्षकाचं इंग्रजी सुधारू, मग तो शिकवेल’ असं ठरवलं की ते ‘आधी’ कधी संपतच नाही. उलट नुसत्या पद्धती सांगितल्या तर शिक्षक गाणी, खेळ, तक्ते घेऊन वर्गात जातो आणि दुसऱ्याच वाक्याला तोंड बंद पडतं. मार्ग यांच्या मधून जातो. पहिली ते चौथीच्या शिक्षकाला अवघं इंग्रजी यायची गरज नाही. त्याचं तासिकेच्या पस्तीस मिनिटांचं इंग्रजी मात्र पक्कं हवं. एवढं लहान लक्ष्य सहा महिन्यांत गाठता येतं.

वर्गात नेमकं किती इंग्रजी लागतं

युरोपात २००१ साली भाषेच्या पातळ्यांची एक चौकट तयार झाली, ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची. जगभरच्या प्रशिक्षणांत तीच मोजपट्टी वापरतात. तिच्यावर बी-१ म्हणजे ओळखीच्या विषयावर अडखळत का होईना, स्वतःची वाक्यं जोडता येणं. प्राथमिक शिक्षकाला सर्वसाधारण बोलण्यात एवढं पुरतं. वर्गातल्या ठरलेल्या बोलण्यात मात्र त्याने अडखळता कामा नये, कारण मुलाच्या कानावर पडणारं इंग्रजी बहुतेक तेवढंच असतं. बोदवड किंवा शिंदखेड्याच्या खेड्यात मुलाला बाहेर इंग्रजी कुठे भेटणार? मोबाईलवर भेटतं, पण ते त्याच्याशी बोलत नाही.

तासिकेत शिक्षक काय काय बोलतो ते लिहून काढलं तर ऐंशी वाक्यांच्या आसपास यादी थांबते. हजेरी, बसा-उठा, वही काढा, जोड्या करा, हळू बोला, पुन्हा सांग, कोण सांगेल, छान, जवळजवळ बरोबर, आणखी एकदा, फळ्याकडे बघा, आता तुझी पाळी. आठवड्याला आठ वाक्यं धरली तर दहा आठवड्यांत ऐंशी होतात. सोमवारी आठ वाक्यं ऑडिओतून यावीत. शिक्षकाने ती मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करावीत आणि दुसऱ्या दिवशी ऐकावीत. त्याच दिवशी ऐकलं तर चूक कानाला लागत नाही, डोक्यात मूळ आवाज ताजा असतो. एक नियम कडक पाळायचा: जे वाक्य एकदा इंग्रजीत गेलं ते परत मराठीत आणायचं नाही. ‘ओपन युवर बुक्स’ म्हटल्यावर मुलं बघत राहिली तर पुस्तक उघडून दाखवायचं आणि वाक्य तेच म्हणायचं. मागून मराठी येणार हे मुलांना एकदा कळलं की इंग्रजी ऐकायचं कारणच उरत नाही.

या वाक्यांतल्या चुका बऱ्याचशा मराठीच्या साच्यातून येतात, म्हणून त्या आधीच सांगून ठेवता येतात. ‘मला सांग’चं होतं ‘से मी’, हवं ‘टेल मी’. ‘लाईट बंद कर’चं होतं ‘क्लोज द लाइट’, हवं ‘स्विच ऑफ’. ‘तू कुठे चाललास’चं होतं ‘व्हेअर यू आर गोइंग’. मराठीत प्रश्न करताना शब्द जागेवरून हलत नाहीत, इंग्रजीत ‘आर’ उडी मारून ‘यू’च्या आधी येतं. ‘तुला आंबा आवडतो का’ यातला शेवटचा ‘का’ उचलून अगदी पुढे ठेवला की ‘डू यू लाइक मँगो’ची रचना मराठी माणसाला पटकन उमगते. प्रशिक्षणात अशी पंधरा-वीस वाक्यं शेजारीशेजारी मांडावीत. व्याकरणाच्या दोन दिवसांच्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

मुलांच्या ‘आय ॲम लाइक मँगो’ची गोष्ट निराळी. इथे दोष शिकवण्याच्या क्रमाचा आहे. पहिली दोन वर्षं ‘आय ॲम राम, आय ॲम अ बॉय’ एवढंच घोकून घेतल्यावर मुलाला ‘आय ॲम’ हा एकच शब्द वाटतो. उपायही क्रमातच आहे: पहिल्या महिन्यातच ‘आय लाइक’, ‘आय हॅव’, ‘आय सी’ कानावर पडू द्यावं.

तोंडातले आवाज

इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज सुमारे चव्वेचाळीस. देवनागरीत अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच असतो, ‘क’ला ‘क’च म्हणतात. इंग्रजीत मात्र नाव ‘सी’ आणि आवाज ‘क्’. मूल ‘सी-ए-टी’ म्हणतं आणि त्यातून ‘कॅट’ कसं निघालं ते त्याला कळत नाही, म्हणून ते पाठ करतं. मराठी शिक्षकाला खरं तर ध्वनीवरून वाचायला शिकवणं चांगलं येतं, ‘क’ला काना ‘का’ हे तो रोज करतो. फक्त एक सवय आडवी येते. देवनागरी व्यंजनात ‘अ’ मुरलेला असतो, म्हणून शिक्षक आवाज सांगताना ‘ब, ॲ, ट’ म्हणतो आणि मुलाला ‘बअॅटअ’ ऐकू येतं. प्रशिक्षणात हे आवाज पाय मोडून म्हणवून घ्यावेत: ब्, ॲ, ट्. ‘म्’, ‘स्’, ‘न्’, ‘फ्’ लांबवता येतात, त्यांनी सुरुवात करणं सोपं. ‘ब्’, ‘ट्’, ‘ग्’ तुटक असतात, तिथे ‘अ’ हमखास शिरतो.

एबीसीडीच्या क्रमाने आवाज शिकवले तर पहिल्या महिन्यात वाचता येणारे शब्द फार थोडे होतात. स्, ॲ, ट्, प्, इ, न् हे सहा आधी घेतले की सॅट, सिट, पिन, टिन, टॅप, नॅप, पॅन असे शब्द दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल स्वतः जोडतं. आठवड्याला तीन-चार आवाज पुरे. मोठी आणि छोटी लिपी एकदम गिरवायला लावणं टाळावं. वाचायला छोटीच लागते, आधी तीच घ्यावी.

आपल्या भागात हमखास अडणारे आवाज चारच. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपण ‘व’ म्हणतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात दिसत नाहीत. शिक्षकाने छोटा आरसा समोर धरून ‘व्हॅन’ आणि ‘वन’ वीस वेळा म्हणावं, फरक तोंडात बसतो. झेडसाठी ‘जेवण’मधला ‘ज’ चालत नाही. ‘झाड’मधला ‘झ’ जवळचा, फक्त जीभ न टेकवता हवा सोडायची. तिसरी जोडी ऱ्हस्व-दीर्घाची, ‘शिप’ आणि ‘शीप’. चौथी ‘ॲ’ आणि ‘ए’ची, ‘पॅन’ आणि ‘पेन’. इंग्रज माणसाच्या ‘टी’ला जीभ दातांच्या मागे हिरडीला लागते, आपली टाळूकडे वळते. याने अर्थ बिघडत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये. ‘लंडनसारखं’ बोलायला लावणारी शिबिरं शिक्षकाचं तोंड उघडण्याऐवजी बंद करतात.

शब्दातला जोर मात्र शिकवावा, तो सहसा कुणी शिकवत नाही. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत ‘फोटो’चा जोर पहिल्या अक्षरावर आणि ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर. टाळी वाजवून शब्द म्हणवला, जोराच्या जागी मोठी टाळी घेतली, की पहिलीच्या मुलालाही ते जमतं.

अहिराणी, पावरी आणि तिसरी भाषा

‘वर्गात बोली नको, आधी प्रमाण मराठी येऊ द्या, मग इंग्रजी’ हे शिक्षकांच्या तोंडी सतत येणारं वाक्य. प्रशिक्षणात यावर अर्धा दिवस द्यावा, कारण वाटतं तितकं ते खरं नाही. ‘मनं नाव राम शे’ म्हणणाऱ्या मुलाला ‘माय नेम इज राम’ शिकताना ‘माझं नाव राम आहे’ या थांब्यावर उतरायची गरज नाही. ‘मनं’ला ‘माय’, ‘शे’ला ‘इज’, फक्त जागा बदलली. ‘राम शाळामा जाई राह्यना’ ही रचना तर ‘राम इज गोइंग’ समजवायला फार कामाची, क्रिया चालू आहे हे तिच्यात उघड दिसतं. धुळे-अमळनेरच्या वर्गात ही जोडी फळ्यावर मांडली की मुलं हसतात आणि मग विसरत नाहीत.

नंदुरबारला प्रश्न आणखी एक पायरी खोल जातो. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा इथल्या पाड्यांवर मूल पावरी किंवा भिली बोलत शाळेत येतं, नवापूरकडे मावची. त्याला मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीतून सांगितला तर एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दाने सांगितल्यासारखं होतं. तिथे वस्तू, हावभाव आणि चित्रावरून थेट इंग्रजी द्यावं. शिक्षक बाहेरच्या जिल्ह्यातला असेल तर पहिल्या महिन्यात मुलांकडूनच पन्नास शब्द गोळा करावेत आणि तीन रकान्यांची शब्दपट्टी भिंतीवर लावावी: घरची बोली, मराठी, इंग्रजी. त्या पन्नास शब्दांत शरीराचे अवयव, घरातली माणसं, प्राणी, खाणं आणि रोजची क्रियापदं असली म्हणजे पुरे. उच्चार मुलं सुधारून देतात, आणि शिक्षकही चुकत चुकत शिकतो हे त्यांना दिसतं. त्याचा परिणाम इंग्रजीच्या तासावर होतो.

मातृभाषा कधी वापरायची याचा साधा नियम: त्या ठरलेल्या ऐंशी वाक्यांबाहेरची सूचना गुंतागुंतीची असेल तेव्हा एकदा इंग्रजी, एकदा हळू आवाजात बोली, लगेच परत इंग्रजी. शेवटचा आवाज इंग्रजीचा राहिला पाहिजे. मूल रडतंय, भांडण झालंय, कुणाला लागलंय तेव्हा इंग्रजी बाजूला ठेवावं, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक भांडवल दुर्लक्षित राहतं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याचं पोर ड्रिप, लॅटरल, पाईप, मोटर, टिश्यू, ट्रॅक्टर, ट्रॉली हे शब्द घरी ऐकत असतं. बस, तिकीट, चार्जर, लाईट, बिल, गॅस, डॉक्टर, फोटो सगळीकडेच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून असे शब्द काढून घेतले तर शंभरी सहज ओलांडते. ‘तुम्हाला शंभर शब्द येतात, आता वाक्यं करू’ ही सुरुवात ‘ए फॉर ॲपल’पेक्षा खूप बरी. सफरचंद पाड्यावर रोज येत नाही.

आज्ञा, हालचाल आणि वांग्याचं भरीत

जेम्स आशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली: लहान मूल मातृभाषा बोलायच्या आधी बरेच महिने ऐकून कृती करतं, परकी भाषाही तशीच द्यावी. शिक्षक आज्ञा देतो, मुलं हालचाल करतात, बोलायची सक्ती नाही. प्राथमिक शिक्षकाला ही पद्धत सगळ्यात लवकर जमते. मात्र तिच्या पायऱ्या नीट पाळल्या तरच.

पहिल्यांदा शिक्षक आज्ञा देतो आणि स्वतः करतो. मग दोन-तीन मुलांना घेऊन करतो. तिसऱ्या पायरीला फक्त बोलतो, करत नाही, आणि इथेच बहुतेक पाठ घसरतात. शिक्षक सवयीने हालचाल करत राहतो, मुलं त्याच्याकडे बघून नक्कल करतात, ऐकत कुणीच नाही. लांबून वर्ग छान रंगलेला दिसतो. म्हणून निरीक्षकाने बघायची पहिली गोष्ट म्हणजे शिक्षकाचे हात. चौथ्या पायरीला क्रम मोडायचा. ‘स्टँड अप’नंतर नेहमीच ‘सिट डाउन’ आलं तर मुलं न ऐकताच बसतात. पाचव्या पायरीला शब्दांची नवी जोडी: ‘टच द डोअर’ आणि ‘टच युवर नोज’ शिकलेल्या मुलाला ‘टच द डोअर विथ युवर एल्बो’ असं ऐकवून बघायचं. शेवटी एखादं मूल पुढे येऊन आज्ञा देतं. दिवसाला तीन नव्या आज्ञा पुरतात, बाकी जुन्या.

सुट्या आज्ञांपेक्षा साखळी चांगली टिकते, कारण एक कृती पुढची आठवण करून देते. खान्देशात थंडीत भरिताची वांगी आली की साखळी तयारच असते: टेक अ ब्रिंजल, वॉश इट, रोस्ट इट, टर्न इट, पील इट, मॅश इट, ॲड सॉल्ट, ईट इट. आठ आज्ञा, आठ हालचाली. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजताना मुलांनी शेतात पाहिलेलं असतं, त्यामुळे ‘रोस्ट’चा अर्थ सांगावा लागत नाही. खरं वांगं एकच आणावं, बाकी नुसता अभिनय. हीच साखळी चारही इयत्तांना पुरते. पहिलीची मुलं ऐकून कृती करतील, दुसरीची पुढची आज्ञा सुचवतील, तिसरीची जोडीदाराला आज्ञा देतील, चौथीची आठ कागदी पट्ट्या वाचून क्रमाने लावतील आणि मिरची-लसणाच्या दोन पट्ट्या स्वतः लिहून घालतील.

हे बहुवर्ग शाळेसाठी फार महत्त्वाचं आहे. शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले, म्हणजे आपल्याकडच्या किती तरी शाळा द्विशिक्षकी. एक शिक्षक दोन किंवा चारही इयत्ता एका खोलीत सांभाळतो. प्रशिक्षणात दाखवले जाणारे नमुना पाठ मात्र एका इयत्तेचे, तीस निवडक मुलांचे. तिथून परतलेला शिक्षक ‘आमच्याकडे हे होत नाही’ म्हणतो, आणि ते बरोबर असतं. दोन इयत्ता एकत्र बसवून नमुना पाठ घेऊन दाखवता येत नसेल त्याने सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारा, होऊ नये.

पस्तीस मिनिटांचा हिशोब

तीस मुलांचा वर्ग. शिक्षक वीस मिनिटं बोलला तर उरली पंधरा, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला अर्धा मिनिट, तोही एकेकाला उभं करून विचारलं तर. सहा मिनिटं जोडीकाम घेतलं की प्रत्येकाला तीन मिनिटांपर्यंत बोलता येतं. जोडीकामाने गोंगाट होतो, हेडमास्तर डोकावून जातात, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. तरी सहा मिनिटं घ्यावीत. जोडीला काम नेमकं हवं: तीन प्रश्न, तीन उत्तरं, मग अदलाबदल. ‘एकमेकांशी इंग्रजीत बोला’ असं मोघम सांगितलं तर एका मिनिटात अहिराणीत क्रिकेट सुरू होतं.

कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस ठरवले आहेत. रोज ३५ मिनिटं धरली तर वर्षाला ११७ तासांच्या आत. त्यातून परीक्षा, कार्यक्रम, सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं वजा करावीत. मार्चपासून सकाळची शाळा, तासिका आणखी आखडते. एवढ्यात भाषा बसवायची तर परिपाठही वापरावा लागतो: वार, तारीख, हवामान आणि एक प्रश्न, रोज दोन मिनिटं. सुविचार इंग्रजीतून वाचायला लावू नये, तो कुणाला कळत नाही.

दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला किंवा गुजरातकडे कामाला जातात, कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी तुटते. एकेक धडा संपवत पुढे जाणारं नियोजन इथे कोलमडतं. टाचण म्हणजे पाठाची आखणी काढताना दर तासिकेची पहिली आठ मिनिटं मागच्या तीन आठवड्यांतल्या शब्दांना ठेवली तर परत आलेलं मूल चार-पाच दिवसांत रांगेत येतं.

प्रशिक्षण झिरपतं कुठे

राज्यस्तरावर काही जण शिकतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना सांगतात, ते तालुक्याला, तालुका केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहाला. गिरणा नदीच्या पाटाचं पाणी टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या, शेतापर्यंत जाताना जसं होतं तसंच याचं होतं. वर पाच दिवसांचं असलेलं खाली दोन दिवसांचं होतं, आणि त्या दोनमधून कापलं जातं ते सरावाचं सत्र, कारण भाषण ठेवलं की वेळेचं गणित सांभाळता येतं. शिक्षकापर्यंत पोचतात त्या स्लाइड्स.

सूक्ष्म अध्यापनाचंही, म्हणजे छोटा पाठ घेऊन चर्चेनंतर तोच सुधारून पुन्हा घेण्याच्या सरावाचंही, तसंच झालं. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही युक्ती आपल्याकडे ३६ मिनिटांच्या चक्रात बसवली गेली: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटं पुन्हा तयारी, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा चर्चा. अध्यापक विद्यालयांत पहिला पाठ घेतात, चर्चा करतात आणि वही भरून पुढचं नाव पुकारतात. शिकणं घडतं ते पुन्हा घेतलेल्या पाठात, आणि गळतो तोच. चाळीस शिक्षकांच्या शिबिरात सगळ्यांना दोनदा संधी द्यायची तर पाच-पाचचे आठ गट करून एकाच वेळी चालवावे लागतात. आवाज होतो. होऊ द्यावा.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास सांगितला आहे. ते सगळे इंग्रजीला मिळणार नाहीत, पण एका वर्षी मिळाले असं धरलं तर वाटणी अशी करावी. सुरुवातीला दोन दिवस समोरासमोर, १२ तास, फक्त वर्गातली वाक्यं आणि आवाज. मग पाच-सहा शिक्षकांचा जवळच्या शाळांचा गट, आठवड्याला एक तास, बारा आठवडे. रोज दहा मिनिटांचा ऑडिओ सराव, साठ दिवस, म्हणजे १० तास. केंद्राच्या चार शिक्षण परिषदांत दीड-दीड तास. चार वेळा पाठ निरीक्षण आणि बोलणं, प्रत्येकी एक तास. शेवटी एक दिवस, ६ तास, स्वतःच्या वर्गाचं ध्वनिमुद्रण घेऊन. १२, १२, १०, ६, ४, ६. खर्च जास्त नाही, पण केंद्रप्रमुखाचा वेळ लागतो, आणि महाग तीच वस्तू आहे.

गटाचं मोठेपण असं की तिथे चुकायला लाज वाटत नाही. तालुक्याच्या सभागृहात दोनशे जणांसमोर इंग्रजी बोलायला तयार होणारे शिक्षक थोडे, शेजारच्या शाळेच्या मॅडमसमोर बोलणारे पुष्कळ. गटाने दर आठवड्याला एकच गोष्ट घ्यावी: एका शिक्षकाने पाठाचा तुकडा करून दाखवायचा, बाकीच्यांनी मूल व्हायचं, मग तोच तुकडा सुधारून दुसऱ्याने घ्यायचा. चहापुरता मराठी वेळ अधिकृत ठेवावा, नाहीतर गट दोन महिन्यांत विरतो.

निरीक्षणाला शेरेबुक घेऊन जाऊ नये. शेरेबुक दिसलं की मुलांनी आठ दिवस घोटलेला पाठ पाहायला मिळतो. कोरा कागद घ्यावा, चार रकाने आखावेत: शिक्षकाचं इंग्रजी वाक्य, शिक्षकाचं मराठी वाक्य, मुलांचं एकसुरात म्हटलेलं, एकट्या मुलाने स्वतःचं म्हटलेलं. पंधरा मिनिटं नुसत्या रेघा ओढायच्या. मत सांगायच्या आधी कागद शिक्षकाच्या हातात द्यावा. चौथ्या रकान्यात दोनच रेघा दिसल्या तर वेगळं काही बोलावं लागत नाही. मग बदलायची एकच गोष्ट दोघांनी ठरवायची आणि पुढच्या भेटीत तेवढीच पाहायची.

‘गुड मॉर्निंग टीऽचर’ आणि ‘आय ॲम फाइन, थँक यू’ सुरात म्हणणारा वर्ग बघून खूश होणाऱ्यांसाठी एक चाचणी आहे. ‘हाऊ आर यू’च्या जागी सहज ‘व्हेअर इज युवर बॅग?’ विचारावं. उत्तर ‘फाइन, थँक यू’ आलं तर मुलांना सूर येतो, प्रश्न येत नाही.

मुलांची तपासणीही अशीच हलकी असावी. महिन्यातून एकदा, एका मुलाला एक मिनिट: तीन आज्ञा, दोन प्रश्न, एक चित्र. रोज पाच मुलं घेतली तर तीसचा वर्ग सहा दिवसांत होतो, तेही परिपाठानंतरच्या पाच मिनिटांत. आज्ञा ऐकून कृती केली की एक खूण, एका शब्दात उत्तर आलं की दुसरी, स्वतःचं वाक्य आलं की तिसरी. जे मूल पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक शब्द बोलत नाही पण आज्ञा बरोबर पाळतं, त्याला पहिली खूण द्यावी आणि बोलायला ओढू नये. मराठी बोलायच्या आधीही ते वर्षभर ऐकतच होतं. आज्ञाही कळत नसतील तर मात्र त्याला पुढच्या बाकावर बसवावं आणि कान तपासायला पाठवावं.